मोगरीची जागा

आमच्या घरात हत्यार हरवलं असं कधी झालं नाही. ते कुठं आहे हे आबांना माहीत नसायचं, एवढंच. आबा म्हणजे माझे वडील, मारुती मिस्त्री. चाकूरच्या अंगाला पाच-दहा गावांत कुणाची तिफण मोडली, कुणाच्या गाडीचं चाक डुगडुगलं, की माणूस आमच्या दारात उभा. ओसरीवर बाभळीचा ठोकळा, ठोकळ्यापुढं मांडी घालून आबा, आणि भिंतीपलीकडं चुलीपाशी माय. आबांनी मान न वळवता हात मागं करायचा आणि ओरडायचं, "पटाशी!" आतून भाकरीची थाप न थांबवता माय सांगायची, "ज्वारीत!" मग कणगीत कोपरापर्यंत हात घालून पटाशी काढायची. ज्वारीत लोखंडाला गंज चढत नाही, असं आबांचं म्हणणं. "करवत!" "तुमच्या डोक्यावर!" ती खरंच डोक्यावर, आढ्याच्या खुंटीला असायची. "पकड!" "देत न्हाई, चुलीवरचं भगुनं उतरवून राहिले!" थाप, थाप, ज्वारीत, थाप, डोक्यावर, थाप. या आवाजात मी वाढलो. दुसऱ्यांच्या घरी भाकरी नुसतीच थापतात हे मला बऱ्याच मोठेपणी कळलं, आणि ती घरं मला मुकी वाटली.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, करडईच्या तेलावरून. आबा आठवड्याला सगळ्या हत्यारांना तेल पाजायचे. एरवी मोजून पळी टाकणारी माय ते बघायची आणि म्हणायची, "पटाशीला फोडणी देऊन राहिले का? तेवढं तेल लेकराच्या ठेच्यावर पडलं असतं तर लेकरू अजून वीतभर वाढलं असतं." मी बुटका का राहिलो याचं कारण आमच्या घरात पटाशी हेच धरतात. मी स्वतः ते मानत नाही. मी बुटका नाही, बाकीचे जास्त वाढलेत.

मी चौथी नापास. पण नापास माणसाला डोकं नसतं हे ज्यानं ठरवलं त्यानं कधी बैलगाडीचं चाक भरलं नसणार. मिसरूड फुटल्यावर आबांनी मला नांदेडला एका फर्निचरच्या कारखान्यात धाडलं. तिथं आठ महिने राहिलो आणि एक गोष्ट शिकून आलो. तिथल्या उस्तादांनी भिंतीवर भली मोठी फळी ठोकली होती, आणि फळीवर प्रत्येक हत्याराचं चित्र होतं, अगदी त्याच्या अंगाएवढं. करवतीच्या चित्रावर करवत, हातोड्याच्या चित्रावर हातोडा. संध्याकाळी एक चित्र जरी उघडं दिसलं तरी उस्ताद म्हणायचे, "मियाँ, कोई नंगा खडा है," आणि हत्यार सापडेपर्यंत कुणाला घरी सोडायचे नाहीत. मला ती फळी इतकी आवडली की दुपारच्या सुट्टीत मी डबा घेऊन तिच्यासमोरच बसायचो. कुणी पिच्चर बघतं, मी फळी बघत होतो. परत येताना उस्तादांनी निळ्या रंगाचा अर्धा डबा दिला. तो मांडीवर घेऊन एष्टीनं चाकूरला उतरलो, आणि घरात पाऊल टाकतो तोच आतून ऐकू आलं, "ज्वारीत!" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, हे बदलायचं.

आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "आपली हत्यारं जागेवरच हायेत."

"जागेवर? मग दर टायमाला मायला कामून विचारता?"

"तिला म्हाईत असतंय म्हणून."

"आन तुम्हाला?"

"मला ती म्हाईत हाय की."

आता असल्या माणसाशी काय बोलणार? मी डबा मात्र जपून ठेवला.

त्यातच निलंग्याकडचं स्थळ निघालं. माझं आजोळ तिकडं. तिकडच्या एका लग्नात मी त्या मुलीला बघितलं होतं. मांडवाचा खांब कलला होता आणि कुणाला बोलवायचं यावरून चार बाप्ये तावातावानं बोलत होते. एवढ्यात एक पोरगी आतून मुसळ घेऊन आली, खांबाच्या बुडाशी दगड सारला, मुसळानं तीन ठोके दिले, खांब सरळ. बाप्ये बोलतच होते. ती पोरगी आत गेली आणि मुसळ उखळाशी होतं तसं उभं करून ठेवलं. जागेवर ठेवलं! मी त्याच जागी ठरवलं की केली तर हिलाच करायची. तिचं नाव गिरिजा. बाप मानप्पा मिस्त्री, त्या भागातला नावाजलेला सुतार, आणि त्याची एक खोड सगळ्या सोयऱ्यांत माहीत होती. मुलाचं घर, शेत, रंग काही बघायचा नाही, हत्यारं बघायचा. दोन स्थळं त्यानं अशीच परत पाठवली होती. एकाच्या करवतीवर गंज होता. दुसऱ्याची हत्यारं कोरी करकरीत होती. मानप्पा म्हणाला, ह्याला पोरगी न्हाई, दुकान काढून द्या.

आणि हा माणूस आमच्या घरी येणार. येऊन हत्यारं दाखवा म्हणणार, आणि आम्ही त्याला कणगीत हात घालायला सांगणार! मला जेवण जाईना.

पाहुणे येणार त्याच्या आदल्या दिवशी आबा लाकूड बघायला औशाला गेले, मुक्काम आत्याकडं. मी मोडक्या दाराची फळी ओसरीच्या भिंतीला ठोकली आणि घर झाडून सगळी हत्यारं गोळा केली. बरीचशी सरळ निघाली. पण काही हत्यारं अशी होती की ती काढायला लागलो की काहीतरी हलायचं. बाजेचा एक पाय आखूड होता, त्याखाली मोगरी, म्हणजे पटाशीवर मारायचा लाकडी हातोडा. ती काढली आणि तिथं वीट सारली. मागच्या दाराच्या कडीत जुनी कानस खोचलेली. तिथं लिंबाची काडी घातली. चुलीवरच्या लोणच्याच्या फळीला खालून लोखंडी गुण्या टेकवलेला. गुण्यानं काटकोन बघतात, त्यानं फळी तोलायची म्हणजे त्या हत्याराचा अपमानच. तिथं तुराट्यांची जुडी उभी केली. जात्याच्या खुंट्याला पाचर म्हणून बारीक पटाशी होती, तिथं चिंधी. आणि आबांच्या अंथरुणात माझ्या आज्याचा जुना रंधा सापडला, ज्याला पातं पण नव्हतं. तोही उचलला.

माय दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "नाऱ्या, ती हत्यारं रिकामी न्हाईत रे."

मी म्हटलं, "घरात पसारा घालणं हे काम नसतंय."

"बरं," माय म्हणाली. माझ्या आयुष्यात जे जे बिघडलं ते मायच्या 'बरं' नंतरच बिघडलं.

संध्याकाळपर्यंत निळी चित्रं काढून झाली. लाकूड तासायच्या वाकसाचं चित्र बदकासारखं आलं, तेवढं सोडलं तर उस्तादांनी पाठ थोपटली असती. परवा माझ्या मुलानं लातूरहून ड्रिल मशीन आणली. तिच्या डब्यात प्रत्येक बारक्या तुकड्याला आपापला खड्डा. मला म्हणतो, "दादा, बघा कंपनीची आयडिया." मी म्हटलं, कंपनीच्या आधी चाकुरात निघाली होती. तो हसला. हसू द्या.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी माय दळायला बसली आणि जात्याचा खुंटा तिच्या हातात आला. तिनं खुंटा माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "हे घे. हे बी टांग फळीला."

मी चिंधी अजून ठोकून बसवली. तेवढ्यात पाहुणे आलेच, आणि आबांबरोबर. लातूरच्या स्टँडावर त्यांची गाठ पडली होती. मानप्पा मिस्त्री अंगानं ज्वारीची दोन पोती. बरोबर त्यांची थोरली बहीण, तिला सगळे अक्का म्हणायचे, कपाळावर भस्म, नजर करवतीची. आबांनी ओसरीवर पाय ठेवला, फळी बघितली, आणि त्यांचा चेहरा असा झाला की पाहुणे नसते तर मी आज हे लिहायला नसतो. पण पाहुण्यांदेखत बोलता येईना. ते हसले. आबांना हसायची सवय नव्हती, ते बघून अक्कानं विचारलं, "दात दुखतोय का हो तुमचा?"

मानप्पा मात्र हात मागं बांधून फळीपुढं उभे राहिले. "वा," म्हणाले. माझी छाती फुगली. "कुणी केलं?"

"मी."

"वा." मग त्यांनी मोगरी काढली, उलटी केली, सुलटी केली. "ही पाठीला चपटी कामून पडली?"

"काम करून करून," मी म्हटलं.

"मोगरी काम करून झिजती ती तोंडाला. पाठीनं कोण ठोकतंय?" मी आबांकडं बघितलं. आबा आढ्याकडं बघत होते. मानप्पांनी कानस काढली, मधोमध बोट फिरवलं. तिथले दात घासून गुळगुळीत झाले होते, बाकी कानस धड. "हं," म्हणाले आणि ठेवली. मग गुण्या काढला, नाकाशी नेला. "ह्याला लोणच्याचा वास येतोय." एवढं बोलून ते बाजेकडं वळले आणि बसले.

वीट कच्ची होती. हे मी आज कबूल करतो. तेव्हा मी विटेच्या भट्टीवाल्याला दोष दिला होता. आधी कर्र असं झालं, मग भुगा झाला, आणि मानप्पा मिस्त्री बाजेवरून असे घरंगळले जसं गाडीतून पोतं उतरवतात. "अय्यो!" म्हणून अक्का ओरडली. त्या धक्क्यानं, का तुराट्यांचा दम संपला म्हणून, आत चुलीवरची फळी आली खाली. लोणच्याची बरणी, पापडाचा डबा, मिठाचं मडकं, एकामागून एक. आबा आणि मी दोघं आत धावलो. माय चुलीपाशी उभी, अंगभर कैरीचं लोणचं, चेहरा शांत. म्हणाली, "मला काही झालं न्हाई. मागचं दार बघा." मागच्या दाराची लिंबाची काडी आमच्या बकरीनं आधी खाल्ली होती आणि मग दार ढकललं होतं. आम्ही ओसरीवर परत येईपर्यंत तिनं पाहुण्यांसाठी केलेल्या सुशीलाच्या, म्हणजे फोडणीच्या चुरमुऱ्यांच्या, परातीत तोंड घातलं होतं. चुरमुरे, शेंगदाणे, वरची कोथिंबीर, सगळं ती अगदी पाहुण्यासारखी सावकाश खात होती.

"घ्या," अक्का म्हणाली, "आमच्या आधी तुमच्याकडं दुसरं स्थळ आलेलं दिसतंय."

मी मेलोच. गिरिजा गेली, मुसळ गेलं, सगळं गेलं. आता मानप्पा उठणार, टोपी झटकणार आणि स्टँडाची वाट धरणार. पण तो माणूस खालीच बसून राहिला आणि बाजेखाली वाकून बघायला लागला. "इथं मोगरी होती," मानप्पा म्हणाले. आबांनी मान हलवली. "दाराला कानस." आबांनी मान हलवली. "आन लोणच्याखाली गुण्या. मारुतीराव, हत्यार रिकामं ठेवत न्हाई तुम्ही?"

आबा पहिल्यांदा बोलले. "रिकामं बसलं की गंजतंय. हातात काम नसलं तर घराला लावायचं."

"माझ्या घरी देव्हाऱ्याखाली रंधा हाय," मानप्पा म्हणाले. "बैलाच्या गव्हाणीला करवत. ती काढली तर बैल घरात येतोय." मग माझ्याकडं वळले. "पोरा, मी हत्यार बघतो म्हणजे तेल लावलंय का ते बघत न्हाई. कुठं झिजलंय ते बघतो. तू सगळी हत्यारं एकाच जागी आणलीस, घर ठेवलंस का जागेवर? आता असं कर. आमचं जेवण तयार होईस्तोवर ज्याची त्याला जागा दे. कुणी सांगायचं न्हाई. जमलं तर पुढचं बोलू. न्हाई जमलं तर धपाटं खाऊन आम्ही आमच्या गावी."

बकरीनं सुशीला संपवल्यामुळं मायनं धपाट्यांचं पीठ मळलं होतं. मानप्पांनी आत बघून बजावलं, "वैनीबाई, तुम्ही तोंड उघडायचं न्हाई हां."

"मी कशाला उघडू?" माय म्हणाली. "मला थापायचं हाय."

आता तुम्ही म्हणाल, चार-पाच हत्यारं ठेवायला काय लागतं. काल मीच काढली होती, पण लोणच्याच्या वासात, पाहुण्यांसमोर, बकरी हसून बघत असताना कुठून काय काढलं ते आठवून बघा. मोगरी बाजेखाली गेली, ती सोपी. कानस हातात घेऊन मी चुलीकडं निघालो, आणि आतली थाप थांबली. मी थबकलो. दाराकडं वळलो, थाप सुरू झाली. कानस कडीत खोचली. गुण्या घेऊन जात्याकडं गेलो, थाप बंद. लोणच्याच्या फळीकडं गेलो, थाप, थाप. बारीक पटाशी जात्याला. माझ्या आयुष्यात मी मायचं इतकं कधी ऐकलं नव्हतं, आणि ती एक शब्द बोलत नव्हती. अक्का आत डोकावून म्हणाली, "बाई, तुमचं धपाटं लई दम खाऊन होतंय की."

"पीठ सैल झालंय," माय म्हणाली.

शेवटी हातात राहिला तो आज्याचा रंधा. अंथरुणात सापडला होता, पण अंथरुणात रंध्याचं काय काम? त्याला घेऊन मी खिडकीशी गेलो, गव्हाणीशी गेलो, रांजणाशी गेलो. थाप नाही. तव्यावरचं धपाटं करपायला लागलं, त्याचा वास ओसरीवर आला, तरी थाप नाही. घाम माझ्या नाकावरून रंध्यावर पडत होता. मानप्पांनी पुढ्यातला तांब्या उचलला, पाणी प्याले, म्हणाले, "इल्ला, न्हाई. एवढं एक न्हाई जमायचं ह्याला." ते उठायच्या बेतात होते.

तेवढ्यात आबा, ज्यांनी आल्यापासून माझ्याकडं बघितलंही नव्हतं, म्हणाले, "एष्टीनं अंग मोडलंय. जरा पाठ टेकतो." आणि पाहुण्यांसमोर, रीत सोडून, घोंगडीवर आडवे झाले. डोक्याखाली काही नव्हतं. मान मागं लोंबत होती. आबा तसेच पडून राहिले, डोळे मिटून, गळ्याची घाटी वर काढून, जसा माणूस न्हाव्यापुढं बसतो. मी हळूच जाऊन रंधा मानेखाली सारला. लाकडाला मधोमध खळगा पडलेला होता. डोकं त्यात बरोबर बसलं.

आत थाप सुरू झाली. थाप, थाप, थाप.

मानप्पा परत बसले, आणि या खेपेला बाज हलली नाही. "वाढा," म्हणाले. करपलेलं धपाटं त्यांनी स्वतःच्या पानात ओढून घेतलं. जेवून हात धुताना मला म्हणाले, "पोरगी देतो. पण ती फळी काढू नको. लई मेहनतीनं केलीस. तिचं काय करायचं ते गिरिजा बघंल."

गिरिजानं लग्नानंतर आठच दिवसांत बघितलं. फळीवर पाच चित्रं कायमची उघडी होती, मोगरी, कानस, गुण्या, बारीक पटाशी आणि रंधा, कारण ती पाचही कामावर होती. मला उस्तादांची आठवण येऊन रोज बेचैन व्हायचं. एक दिवस शेतावरून आलो तर मोगरीच्या चित्रावर ताक घुसळायची रवी लटकलेली. मुठीपासून बोंडापर्यंत बरोबर बसली होती. कानशीच्या जागी लाटणं, बारीक पटाशीवर पळी, गुण्याच्या कोपऱ्यात विळी, रंध्यावर किसणी. मी म्हटलं, "ही हत्यारांची फळी हाय." ती म्हणाली, "मग ही काय हायेत?" आबा ठोकळ्यापाशी बसून ऐकत होते. त्या दिवशी मात्र ते खरंच हसले. सवय नसताना चांगलं जमलं त्यांना.

आता माझ्या मुलाचं मोठं दुकान आहे, चाकूर ते लातूर फर्निचर जातं. गिऱ्हाईक आलं की जुनी फळी बघून हटकून विचारतं, "बाबा, हिच्यावर रवी कशी? मोगरी हरवली का?" मी सांगतो, माझ्या फळीवरचं एकही हत्यार आजपर्यंत हरवलेलं नाही. मी त्या दिवशी हरलो असं आमची ही सगळ्यांना सांगत असते, पण फळी भिंतीवर आहे का नाही? आहे. मग हरलो कसा? मोगरीचं म्हणाल तर बाज तीच आहे, पाय अजून आखूडच आहे. हे लिहितोय तेव्हाही मी तिच्यावरच बसलोय, आणि एवढं मोठं प्रकरण लिहून झालं तरी एकदाही हललो नाही.